फडातली बाई कुणाच्या पटावर?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत गावोगाव बांधाबांध सुरू होते. पत्र्याची पेटी, धान्याची पोती, घागरी, ताडपत्री, भांडी, दोन कोयते, एखादी शेळी. ट्रक भरला की सगळ्यांत वर पोरं बसतात आणि टोळी निघते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याला, सोलापूरला, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांवर. नगर, जालना, परभणी, धाराशिव, तिकडे जळगाव-नंदुरबार, इथूनही अशाच टोळ्या बाहेर पडतात. राज्यात ऊसतोड करणारी माणसं दहा-बारा लाख असावीत, असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातोय. अंदाजच. कोणत्या शेतकऱ्याचा किती ऊस कोणत्या तारखेला वजनकाट्यावर आला, याची किलोपर्यंत नोंद ठेवणाऱ्या उद्योगात तो ऊस तोडणाऱ्या माणसांची मोजदाद अंदाजावर चालते. त्यात बाया किती, हे तर आणखीच धूसर. कारण या हिशेबात बाई सुटी येतच नाही.

हिशेब कोयत्याचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा. उचल कोयत्याला ठरते, टनाचा दर कोयत्याला मिळतो, खाडाही कोयत्यालाच पडतो. पावसाळ्यात, हातात पैसा नसतो तेव्हा, टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहून जास्त. ती घेतो नवरा, कागदावर सही किंवा अंगठा नवऱ्याचा, आणि ती फिटते दोघांच्या अंगमेहनतीतून. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे पुढच्या हंगामात कोणत्या मुकादमाबरोबर जायचं, हे आदल्या हंगामातच ठरून गेलेलं असतं. आपण कुणाचं देणं लागतो आणि किती, हे त्या बाईला नीट ठाऊक नसतं. तिच्यावर हात टाकणाऱ्याला मात्र ते पुरतं ठाऊक असतं.

मला या लेखात म्हणायचंय ते एवढंच, की फडातल्या बाईवरच्या अत्याचाराचं मूळ या नोंद नसण्यात आहे. तिचं काम कुणाच्याच दप्तरी नाही, म्हणून तिची तक्रार कुणाच्याच दारी जात नाही.

तिचा दिवस कसा जातो, ते आधी जवळून पाहायला हवं. पहाटे तीन-साडेतीनला उठणं, चूल, भाकरी, पाणी. उजाडायच्या आत आंघोळ उरकायची, कारण तळावर न्हाणीघर नसतं; चार काठ्यांना जुनं लुगडं गुंडाळलं की तीच मोरी. शौचाला उसाच्या आडोशाला, तेही अंधार असेतोवर. मग फड. नवरा बुडख्याशी ऊस तोडतो, वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटतो. ती उसाची जुडी करते, वाढ्याचाच पीळ घालून मोळी बांधते. वेळ पडली तर तीही कोयता चालवते. बांधलेली मोळी डोक्यावर घ्यायची आणि गाडीला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोंची असते. असं दिवसातून कितीदा, ते तिने मोजलेलं नसतं. ती गरोदर असली तरी फळी तीच आणि मोळीही तीच. दुपारी लेकराला पाजायला पाचटाच्या सावलीत टेकली, तर तेवढा वेळ तोडणीतून जातो. संध्याकाळी तळावर परतताना वाढ्याचे भारे आणायचे. ते विकून मीठमिरचीचा खर्च भागतो. पुन्हा चूल. आणि ऊस ट्रक किंवा ट्रॅक्टरने जात असेल, तर गाडी रात्री अकराला येवो की दोनला, उठून ती भरायची.

कोपी म्हणजे बांबू, चटई, वर पाचट किंवा प्लॅस्टिक. वाकून आत शिरायचं. दाराला कडी नसते, कारण दारच नसतं. तळ बहुधा गावाबाहेर, कारखान्याच्या मोकळ्या जागेत नाहीतर कुणाच्या पडीक रानात. उजेड म्हणजे एखादी बॅटरी. आसपासच्या गावाला ही माणसं परकी, आणि या माणसांना ते गाव परकं.

अशा ठिकाणी बाईला त्रास देणारा कोण असू शकतो? रात्री गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर. तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय, कारण टोळीला आज तोड मिळणार की नाही, हे त्याच्या हातात असतं. ज्याच्या फडात तोड चाललीय तो शेतमालक किंवा त्याचा पोरगा. एक भारा वाढं किंवा विहिरीचं पाणी देण्याच्या बदल्यात तो काय मागेल, याचा भरवसा नसतो. मुकादम स्वतः. टोळीतलाच कुणी. आणि दारू पिऊन कोपीत आलेला नवरा. महिला किसान अधिकार मंच, बीडमध्ये मनीषा तोकले यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महिला ऊसतोड कामगारांची संघटना, आणि इतर कार्यकर्त्या गेली कित्येक वर्षं बायांशी बोलतायत, नोंदी करतायत. तरी पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेल्या तक्रारी बोटांवर मोजाव्यात इतक्या थोड्या. तक्रार का होत नाही, याचं उत्तर 'बायका लाजतात' असं देऊन मोकळं होण्याची आपली जुनी खोड आहे. लाज असतेच. पण तिच्याहून मोठी अडचण कायद्याच्या रस्त्यातली आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा मुळात कुणामुळे आला, ते आठवू या. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी, जातीने कुंभार, राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात अत्यल्प मानधनावर काम करणाऱ्या 'साथिन'. बालविवाह थांबवायला जाणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम होतं. ते केलं म्हणून १९९२च्या सप्टेंबरात गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. वरचं अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं. पण 'विशाखा' आणि इतर स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यातूनच सोळा वर्षांनी कायदा झाला. कायद्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो कंपन्यांत, बँकांत, विद्यापीठांत. तो व्हायलाच हवा होता. पण ज्या बाईमुळे तो आला, तिच्यासारखी उन्हात, बांधावर, दुसऱ्याच्या गावात काम करणारी बाई त्याच्या कक्षेत नावापुरतीच राहिली.

आपल्या राज्यातही असंच घडलेलं आहे. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पोलिसांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हाची. या देशात स्त्रियांना संरक्षण देणारे दोन मोठे कायदे दोन कष्टकरी, तळच्या जातीजमातींतल्या बायांच्या वेदनेतून आले आहेत. हे ऋण आहे, आणि ते अजून फिटलेलं नाही.

आता २०१३च्या कायद्यात फडातल्या बाईसाठी काय आहे ते पाहू. कागदावर बरंच काही आहे. 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेली, रोजंदारीवरची, मुख्य मालकाला ठाऊक असो वा नसो अशीही बाई येते. 'कामाची जागा' म्हणजे फक्त कचेरी नव्हे. असंघटित क्षेत्र, मालकाने पुरवलेलं वाहन, राहतं घर हे सगळं त्यात येतं. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायचा. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल, तर लिहून देणं ही समितीचीच जबाबदारी.

धरून चालू, की केज तालुक्यातली एक बाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तळावर आहे आणि रात्री गाडी भरताना ड्रायव्हरने तिच्यावर हात टाकला. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. ती करायला तिला तालुक्याच्या गावी जावं लागेल, म्हणजे एक दिवसाचा खाडा. बरोबर नवरा आला तर अख्खा कोयता बंद. समन्वय अधिकारी कोण, तो कुठे बसतो, हे तळावर कुणालाही ठाऊक नाही. बहुतेकदा तहसील कचेरीतही चार टेबलं फिरावं लागतं. समजा, तक्रार पोचली. चौकशीला कायद्याने नव्वद दिवस. तोवर पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, टोळी गावी परतते आणि साक्षीदार तीन जिल्ह्यांत पांगतात. सुनावणीला बीडहून कोल्हापूरला यायचं भाडं कोण देणार? चौकशी सुरू असताना पीडितेला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, असं कायदा म्हणतो. रजा! जिच्या एका दिवसाच्या गैरहजेरीवर दंड लागतो, तिला रजा द्यायची ती कोण देणार? आणि मुळात तक्रार कुणाविरुद्ध? ड्रायव्हर वाहतूकदाराचा. वाहतूकदाराचा करार कारखान्याशी. टोळी मुकादमाची. मुकादमाचा व्यवहार वाहतूकदाराशी. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतूक आम्ही शेतकऱ्याच्या वतीने करतो, तिचा खर्च त्याच्या ऊसबिलातून वळता करतो; मजूर आमचे नव्हेत. शेतकरी म्हणतो, मी तर त्यांना ओळखतही नाही.

पोलीस ठाण्याचा रस्ता त्यामानाने सरळ. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सो, दलित-आदिवासी असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा. पण गुन्हा दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमाच्या टोळीत तिला ऊस तोडायचाय. टोळी सोडली तर उचल अंगावर. उचल बुडवून गेलेल्या मजुरांना डांबून ठेवल्याच्या, बायका-पोरांना अडकवून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने या देशात बंद झालेली आहे.

मुकादमाला खलनायक ठरवून विषय संपत नाही, हेही इथंच सांगायला हवं. तो बहुतेकदा त्याच गावचा, त्याच जातीचा, कधीकाळी स्वतः ऊस तोडलेला माणूस. वाहतूकदाराकडून त्याने पैसे उचललेले असतात. टोळी पळाली की तो बुडतो. म्हणूनच त्याचा सगळा जीव कोयता चालू ठेवण्यात असतो, आणि बाईच्या तक्रारीने कोयता थांबतो.

कोयता थांबू नये, यासाठी काय काय झालं, हे महाराष्ट्राने २०१९मध्ये पाहिलं. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातायत, ही बातमी त्या वर्षी एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात आली. जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटातल्या बायांत हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरात तीनच्या आसपास आहे.

याला हिंसा म्हणायचं का? मी म्हणतो, हो. कुणी चाकू दाखवून तिला टेबलावर झोपवलं नव्हतं. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, पाळीत उभं राहवत नाही, म्हणून ती दवाखान्यात गेली. दिवसभर पाणी न पिता उन्हात राबणारी, शौचाला अंधाराची वाट पाहणारी, तेच कापड धुऊन ओलसर वापरणारी, सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंत झालेली बाई. तिला जंतुसंसर्ग होणं स्वाभाविकच होतं. औषधाने बरा होणारा आजार. पण डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली आणि 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल' असं सांगितलं. पंचवीस-तिशीतल्या बाईला. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. त्या वेळच्या बातम्यांत दिवसाला पाचशे रुपये हा आकडा पुन्हापुन्हा येत होता. ऑपरेशनचा खर्च अनेकदा उचलीतूनच. म्हणजे शरीरातला अवयव काढण्यासाठीही तिनेच कर्ज काढायचं आणि ते फेडायला पुन्हा फडात जायचं. काही महिन्यांत कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, तरी मोळी उचलावीच लागते. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत सगळ्या राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितल्या. उपाय दवाखान्याच्या दारात झाला. तळावर पाणी आणि संडास आले का, हा प्रश्न मागे पडला.

बाईवरून मी मुलीकडे येतो, कारण भीती तिथूनच सुरू होते. तेरा-चौदा वर्षांची पोर. तिला बरोबर न्यावं तर ती तळावर एकटी राहते. आई-बाप फडात, ती धाकट्यांना सांभाळत, भाकऱ्या थापत, आणि तळाच्या आसपास फिरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत. गावी ठेवावं तर आजीच्या भरवशावर सहा महिने. 'काही झालं तर?' हा एक प्रश्न आई-बापाला झोपू देत नाही. त्याचं त्यांना सुचणारं उत्तर म्हणजे लग्न. लग्न झालं की जबाबदारी सासरची, आणि सासरला नवा कोयता मिळतो. दोघांचा कोयता झाला की उचलही पूर्ण. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २२ टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार अस्वस्थ करतं, कारण हे आई-बाप निष्काळजी नाहीत. मुलीला वाचवण्यासाठीच ते तिचं बालपण संपवतात.

बालविवाह रोखायला गावात ग्रामसेवक हा अधिकारी आहे, अंगणवाडीताई आहे, १०९८ ही हेल्पलाइन आहे. लग्न मोडता येतं. पण मोडलेल्या लग्नातली ती मुलगी पुढच्या आठवड्यात ट्रक निघेल तेव्हा राहणार कुठे? अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलं आणि ते योग्यच झालं. पण आधाराशिवाय आलेल्या कायद्याचं भय असं, की गरोदर अल्पवयीन मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं तर गुन्हा दाखल होईल, म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. म्हणून वसतिगृह महत्त्वाचं. २०२१मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, मुलांचं एक आणि मुलींचं एक. या विषयात सरकारने घेतलेला हा सगळ्यांत नेमका निर्णय आहे, असं माझं मत आहे. जिथं मुलींचं वसतिगृह चांगलं चालतं, भिंत आहे, दिवा आहे, गृहपाल बाई मुक्कामाला असते, तिथं आई निर्धास्तपणे ट्रकमध्ये चढते. पण ते ऑक्टोबरात उघडलं पाहिजे. प्रवेशाच्या याद्या डिसेंबरात लागल्या, तर तोवर एकतर मुलगी तळावर गेलेली असते नाहीतर सासरी.

बाईची नोंद झाल्याने काय बदलतं, याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. पुण्यात १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बहुतेक दलित बाया. पहाटे कचराकुंडीशी दिसली की पोलीस चोर समजून हटकणार, सोसायटीचा रखवालदार शिवी देणार, भंगारवाला वजनात मारणार. पंचायतीने ओळखपत्रं काढली आणि पुणे महापालिकेने त्यांवर आपली मोहोर उमटवली. असं करणारी ती देशातली पहिली महापालिका. लॅमिनेट केलेला एक छोटा कागद. पण त्यावर बाईचं स्वतःचं नाव होतं, फोटो होता, आणि ती काय काम करते हे लिहिलेलं होतं. हटकणाऱ्याला दाखवायला तिच्याकडे काहीतरी आलं, आणि तिच्यामागे हजारो जणी आहेत हे त्याला कळलं. पुढे २००८मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' सहकारी संस्था आली. कष्ट संपले नाहीत, छळही सगळा थांबला नाही. पण तक्रार घेऊन जायला जागा मिळाली, आणि बरोबर यायला माणसं.

ऊसतोड बाईसाठीही ओळखपत्राचा निर्णय झालेला आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. नोंदणीही सुरू झाली. माझी मागणी साधी आहे: ओळखपत्र नवऱ्याचं आणि बायकोचं वेगळं असावं. उचलीच्या कागदावर तिचीही सही असावी, आणि टनाच्या पैशातला तिचा वाटा तिच्या खात्यात जमा व्हावा. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाच्या इशाऱ्यामुळे आणि वाटाघाटींमुळे. त्या वाटाघाटींत दर होता, मुकादमाचं कमिशन होतं. संडास, रात्रीची गाडी भरणं, पाळीतली सुटी, गरोदरपणातली सूट यांची मागणी बायांच्या संघटना करत होत्या. करारात मात्र दर आणि कमिशनच ठळक राहिलं.

मोठ्या घोषणांचं या राज्याला फार आकर्षण आहे. २०२१च्या डिसेंबरात विधानसभेने शक्ती विधेयक एकमताने संमत केलं. बलात्काराला फाशी, वेगवान तपास. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळालीच नाही. त्यावर जेवढी भाषणं झाली, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी चर्चाही जिल्ह्याच्या स्थानिक समित्यांवर झाली नाही. गुन्हा सिद्ध झाल्यावर किती कडक शिक्षा द्यायची, यावर आपण तावातावाने बोलतो. तो नोंदवला कसा जाईल, हे आपल्या बोलण्यात येत नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयालाच बोलावं लागलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात न्यायालयाने २०२३मध्ये देशभरातल्या समित्यांची झाडाझडती घेतली, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश दिला: प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५पर्यंत स्थानिक समित्या बसवा, तालुक्याला समन्वय अधिकारी द्या. कायदा झाल्यानंतर अकरा वर्षांनी हे सांगावं लागलं. ऊसतोड मजुरांच्या हालअपेष्टांची दखल मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३मध्ये एका बातमीवरून स्वतःहून घेतली आहे.

आणि कारखान्यांबद्दल. दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. एकही साखर कारखाना या अटीतून सुटत नाही. ठेकेदारामार्फत आलेली बाईही 'कर्मचारी' आहे, हे वर आलंच. मग कारखान्याच्या समितीने तोडणीवाल्या बाईची तक्रार ऐकायला हवी, असा या दोन तरतुदींचा सरळ अर्थ निघतो. 'मजूर आमचे नव्हेत' हे उत्तर या कायद्यापुढे टिकू नये. ते आजवर टिकलं, कारण कुणी जोर लावून विचारलंच नाही.

विचारण्याची जागाही तयार आहे. दरवर्षी गाळप सुरू करण्याआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयातून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांचं एफआरपीचं, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचं, देणं थकलं असेल तर परवाना अडवला जातो, आणि तो अडवला की भले भले चेअरमन धावत पैशांची सोय करतात. त्याच अर्जात आणखी काही रकाने घालायला नवा कायदा लागत नाही. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर तळावर मराठीत आणि कन्नडमध्ये लावले आहेत का. हंगामात समिती महिन्यातून एकदा तरी तळावर जाणार आहे का. तळावर उजेड, पाणी, कडी लागणारी न्हाणी आणि संडास आहेत का. रात्री गाडी भरताना कारखान्याची महिला पर्यवेक्षक हजर असेल का. टोळीतल्या प्रत्येक बाईचं नाव तोडणी-वाहतुकीच्या कराराच्या यादीत आहे का. समिती न नेमणाऱ्या मालकाला कायद्याने पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तर त्याचा व्यवसायाचा परवाना रद्द करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २६मध्ये आहे. हे कलम वापरून महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याचा परवाना एकदा तरी रोखून दाखवावा. हंगामाची तारीख ठरवायला मंत्री समितीची बैठक दरवर्षी होतेच. यंदा त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे रकाने घालावेत, आणि ट्रक गावांतून निघायच्या आत आयुक्तांनी तसं परिपत्रक काढावं.